कासेवरचा हात

तांबडं फुटलं की दगडोबा मेंढरांच्या वाडग्यात शिरायचा. कळप चरायला सोडण्याआधी एकेक दुभती मेंढी, एकेक शेळी पुढ्यात ओढायचा आणि डोळे मिटून तिच्या कासेवरून डावा हात फिरवायचा. ही त्याच्या बापाची रीत. बाप म्हणायचा, डोळ्याला दिसेपर्यंत थांबला तो धनगर कसला. कासेत काही बिघडलं तर हाताला आधी कळतं, आणि वेळेत कळलं तर जनावर वाचतं. डोंगरकड्याच्या शिवारात सत्तरीच्या दगडोबाचा हात सगळ्यांना ठाऊक होता. तो शाळेत दोन वर्षं गेला होता. तिथं काय शिकवलं ते आठवत नव्हतं, पण बापानं शिकवलेलं एक अक्षरही तो विसरला नव्हता, आणि याचा त्याला गर्व होता.

दोन वर्षांमागं कार्तिकात एका सकाळी भुऱ्या मेंढीच्या कासेत, डाव्या अंगाला, वरच्या बाजूनं, तुरीच्या दाण्याएवढी गाठ त्याच्या बोटांना लागली. सूज असती तर कास तापली असती, मेंढीनं लाथ झाडली असती. ही गाठ थंड होती, टणक होती, आणि मेंढीला तिची खबरच नव्हती. दगडोबानं दुपारी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं कास दाबून पाहिली, दूध काढून तपासलं, आणि कुठं काय आहे बाबा, असं विचारलं. दगडोबानं हात लावला. गाठ नव्हती. डॉक्टर हसला नाही, पण गाडीवर बसताना म्हणाला की वय झालं की बोटं फसवतात. ते दगडोबाच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी तीच गाठ काळ्या शेळीला लागली. तेच अंग, तीच जागा. भुरी साफ होती. तिसऱ्या दिवशी शेळी साफ, आणि गाठ कोपऱ्यातल्या कानतुटक्या मेंढीला. असं रोज. एका वेळी एकच जनावर, आणि सकाळी एकदाच; दुपारी पुन्हा पाहावं तर काही नाही. त्यानं कुणाला सांगितलं नाही. ज्या हाताच्या भरवशावर साठ वर्षं काढली तो हात खोटं बोलतो, हे माणसानं कुणाला सांगायचं? त्याचं जेवण तुटलं, तो कळपावर ओरडू लागला. त्याची बायको सुभद्राबाई चुलीपाशी बसून म्हणाली, मेंढरांवर राग काहून काढून राहिले तुमी, त्यायनं काय तुमची जमीन खाल्ली? एरवी तो तिला टोला परत करायचा. त्या दिवशी भाकरी तशीच ठेवून उठला.

अकराव्या दिवशी गाठ हरभऱ्याएवढी झाली होती.

बाराव्या दिवशी त्यानं सगळा कळप तपासला आणि कुठंच काही लागलं नाही. त्याला हायसं वाटलं. एवढ्यात सून शिला डाल्याखाली झाकलेलं पाच दिवसांचं कोकरू आईला पाजायला घेऊन आली. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी ती सासऱ्याशी समोरून बोलत नसे. डोक्यावरचा पदर पुढं ओढून तिनं कोकरू त्याच्या हातात दिलं आणि वळली. दगडोबाचा तळवा कोकराच्या छातीखाली गेला. डाव्या अंगाला हरभऱ्याएवढी गाठ होती. ज्याला अजून कास फुटायची होती त्या लेकराला.

तो कोकरू मांडीवर घेऊन खाली बसला. सुभद्राबाई लेंड्या गोळा करायला टोपली घेऊन आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. मग मात्र त्यानं पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं, तिच्याकडं न बघता, कोकराकडं बघत.  शेवटी तिनं विचारलं, कुठं? त्यानं कोकराच्या छातीवर बोट ठेवलं.

सुभद्राबाईनं टोपली खाली ठेवली.

"तेवढीच हाये," ती म्हणाली. "आखाडात तुरीएवढी व्हती."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं एवढंच विचारलं की बोलली काहून न्हाईस.

"दुखत न्हाई. दुखलं असतं तर सांगितलं असतं. आन या वयात पदर सारून कुणाला दाखवू?"

"मेंढीलाबी दुखत नव्हतं," दगडोबा म्हणाला.

त्याच सकाळी तो गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई पुनमच्या दारात जाऊन उभा राहिला. ही पुनम श्रावणात घरोघर फिरून बायकांना विचारत होती, छातीत गाठ आहे का, कातडी ओढली जाते का, बोंडातून काही येतं का. आणि सुभद्राबाईनं तिला, मला काय धाड भरली, म्हणून चहा पाजून वाटेला लावलं होतं. आता पुनमनं एक शब्द टोचून न बोलता दवाखान्याचा कागद केला आणि स्वतः सोबत निघाली. आधी हिंगोलीचा सरकारी दवाखाना, तिथून नांदेड. छातीचा मशीनवर फोटो झाला, सुईनं तुकडा काढून तपासायला गेला, आणि आठ दिवसांनी सत्यशीला नावाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हा कॅन्सरच आहे, पण लहान आहे, पसरलेला नाही, लवकर आलात. गाठ कशी सापडली, असं त्यांनी विचारलं तेव्हा सुभद्राबाई म्हणाली, यांच्या हाताला लागली. डॉक्टरीणबाई दगडोबाला म्हणाल्या की असे नवरे कमी असतात. त्यानं मान खाली घातली. 

ऑपरेशन झालं. पुढं सलाइनमधून औषध सुरू झालं. शिला दर खेपेला सासूबरोबर गेली, तिची ओकारी हातात धरली, तिच्या तोंडात फोड आले तेव्हा ज्वारीची पातळ आंबील करून चमच्यानं पाजली. मुलगा शिवप्रसाद कळप सांभाळत होता. शेजारची जमनाबाई दोन वर्षं या घराशी बोलत नव्हती. तिनंच रोज घागरी भरून आणून ठेवल्या आणि बोलली तरीही नाही. केस मुठीनं निघू लागले तेव्हा दगडोबानं लोकर कापायची कातर घासली, बायकोला अंगणात बसवलं आणि मेंढी कातरतात तशा सरळ पट्ट्यांत तिचं डोकं मोकळं केलं. सुभद्राबाई म्हणाली, मान दाबू नका, मी पळून जात न्हाई. मग खाली पडलेले केस बघून म्हणाली, घोंगडं काय व्हायचं न्हाई याचं. दगडोबा हसला. कार्तिकानंतर पहिल्यांदा.

ऑपरेशन झालं त्या दिवसापासून कळपातल्या एकाही कासेत त्याच्या हाताला गाठ लागली नाही. वर्षाची तपासणी साफ निघाली तेव्हा दगडोबानं स्वतः कातरलेल्या लोकरीचं घोंगडं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि हात जोडले. कुणापुढं वाकायची त्याला सवय नव्हती. पण देवापुढं वाकताना जे वाटलं नव्हतं ते त्याला तिथं वाटलं, आणि एसटीत बसल्यावर त्यानं भर गर्दीत बायकोचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही.

मग एका सकाळी वाडग्याच्या फाटकाशी एक बाई शेळी घेऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, नजर खाली. शेळीला बघा, एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिघी आल्या. पुढं हट्ट्याहून आल्या, कनेरगाव नाक्याहून जीप करून आल्या, प्रत्येकीच्या हातात दोर आणि दोराला एक शेळी. दगडोबानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. सुभद्राबाईनं देवाशपथ सांगितलं की तिनंही नाही. ती रांगेतल्या बायकांना आपली कहाणी जरूर सांगायची, महिन्याला आपलं आपण चाचपायला शिकवायची, लाजू नका म्हणायची. पण मेंढरांचं, कोकराचं कधी काढलं नाही. तरी त्या शेळ्याच घेऊन येत.

हाताला काही लागो न लागो, दगडोबा प्रत्येकीला एकच सांगायचा, उद्या पुनमकडं जाऊन ये, माझ्या हातावर विसंबून राहू नको. दोघींच्या शेळ्यांना मात्र ती गाठ लागली. त्या दोघी आता औषधावर आहेत, बऱ्या होत आहेत. त्यांनी पाठवलेलं नारळाचं तोरण वाडग्याच्या फाटकाला आहे.

परवा रांग लवकर सरली. सुभद्राबाई शेवटच्या बाईला चहा द्यायला घरात घेऊन गेली. दगडोबा हात धुवायला वळणार, तेवढ्यात त्याला दिसलं की फाटकाशी अजून कुणीतरी उभं आहे. पदर पुढं ओढलेला. पायातली जोडवी त्यानं ओळखली. ती शिला होती.

तिच्या हातात दोर होता. दोराच्या टोकाला फास होता, आणि फासात काही नव्हतं. घरच्या सगळ्या शेळ्या त्याच्या पाठीमागं वाडग्यात होत्या.

दगडोबाला वाटलं, विचारावं. पण सासऱ्यानं सुनेला छातीचं हे असलं विचारायचं नसतं आणि सुनेनं सांगायचं नसतं. म्हणून तर ती दोर घेऊन आली होती. आली, हेच खूप झालं. उद्या पहिल्या गाडीनं तिला दवाखान्यात पाठवायचं, शिवप्रसादला सोबत द्यायचं, हे त्यानं मनात ठरवलं. फास जमिनीपासून हातभर वर, जनावराच्या गळ्यात असावा तसा, हलके हलके हालत होता.

तो खाली बसला. डोळे मिटले. आणि डावा हात त्या फासामागं, मोकळ्या जागेत घातला.

लोकर लागली. उबदार. तिच्याखाली काहीतरी सावकाश श्वास घेत होतं.