दोन कोरड्या जागा

गिरदावर व्यंकटराव पिकं पाहायला गावोगाव घोडीवरून फिरत. पण दिवाळीपासून त्यांची घोडी चंद्री बिघडली होती. खोगीर दिसलं की कान मागं टाकी, पोटाखालचा तंग आवळताना चावायला धावे आणि चालताना पावलं आखडून टाकी.

"सोमवारी जिंतूरच्या बाजारात विकून टाक हिला," त्यांनी मोतद्दार लिंबाजीला सांगितलं. "कामचोर झालीय."

चंद्री शिंगरू होती तेव्हापासून लिंबाजीच तिला खरारा करत आला होता.

त्या दिवशी दौऱ्याहून आल्यावर त्यानं खोगीर उतरवलं. चंद्रीची पाठ घामानं निथळत होती. फक्त मान संपून पाठ सुरू होते तिथं, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढ्या दोन जागा ठणठणीत कोरड्या होत्या. त्यानं बोट टेकवलं तशी घोडी अंग चोरून बाजूला झाली. तिथं दाबच एवढा पडत होता की घामसुद्धा फुटत नव्हता.

कारण त्याला कळलं, पण सांगायचं कसं? मालकीणबाई कस्तुराबाईंनी लाडानं हरभरा चारून घोडी चांगली गुबगुबीत केली होती. वर तिला खोगीर टोचू नये म्हणून जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून खाली घातली होती. घोडी चावायला लागली तसा त्यांनी गोधडीला आणखी एक थर दिला.

कस्तुराबाई भाकरीचा तुकडा घेऊन आल्याच. लिंबाजी अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"लिंबाजी, तोंड शिवलंय का?"

"बाईसाब, एक इचारू? जोडा घट्ट झालाय, पाय चावायलाय. तर तुमी आत चिंध्या कोंबताल का?"

"मला काय येड लागलंय?" त्या हसल्या. मग त्यांची नजर त्या कोरड्या जागांवर गेली आणि तिथून गोधडीवर. "अगं बया! म्हणजे मीच..."

"माया लय झाली, बाईसाब. घोडी रुंदावली अन् खोगीर हाय तेवढंच हाय."

कस्तुराबाईंनी खोगिराच्या गादीची शिवण स्वतः उसवली. लिंबाजीनं पुढच्या बाजूची दाबून भरलेली लोकर काढली, गोधडी बाजूला ठेवली आणि खाली जमवलेल्या लोकरीचा एकच पातळ नमदा घातला.

रविवारी त्यानं धीर केला. "मालक, बाजाराच्या आधी शेजारच्या गावापतुर एकडाव जाऊन या."

व्यंकटराव कुरकुरत बसले. फाटकातून बाहेर पडताना चंद्रीनं मान खाली सोडली आणि ऐसपैस पावलं टाकत निघाली.

परतल्यावर ते उतरून तिथंच उभे राहिले. लिंबाजीनं भीतभीतच खोगीर उचललं. सगळी पाठ सारखी ओली होती. कस्तुराबाईंनी त्या जागेवर हात ठेवला, ओला तळवा पदराला पुसला.

"लिंबाजी," व्यंकटराव म्हणाले, "उद्या मीच जातो हिच्यावर बाजाराला. काय आणायचं ते बाईसाहेबांना विचारून ठेव. हरभरा सोडून."