अकरा ते दोन

सोलर पॅनेलचा एक कोपरा डोक्यावर आणि दुसरा हातावर तोलून ती गच्चीत उभी होती, आणि वायरमन गुडघ्यांवर बसून बोल्ट शोधत होता. बोल्ट त्याच्याच तोंडात होता.

"तोंडात आहे, भाऊजी."

"अरेच्चा!" म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि बोल्ट घरंगळत गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. तो रांगत त्याच्यामागे गेला. तिची मान अवघडली होती, पण हलायची सोय नव्हती. हा कोपरा सुटला असता तर सगळ्यावरच पाणी पडलं असतं.

पॅनेलं दोन होती आणि दोन्ही वापरलेली, कुठल्याशा बंद पडलेल्या पेट्रोल पंपावरून काढलेली. एकाच्या काचेला केसाएवढा तडा होता. तो वायरमननेच आपणहून दाखवला होता, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. बॅटरी दुसऱ्या कुणाच्या घरात तीन वर्षं काढून आलेली. खालचा लाकडी सांगाडा घरचाच. म्हणजे मापं सासऱ्यांनी पलंगावरून सांगितली, ठोकाठोकी वायरमनने केली, आणि चुका दोघांनी एकमेकांवर ढकलल्या. सासऱ्यांचा जन्म सुतारकामात गेला होता. चाळीस वर्षांचा भुसा आता छातीत बसला होता आणि दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला लावल्याशिवाय त्यांचं चालत नव्हतं.

नवा कोरा होता तो फक्त इन्व्हर्टर. तिची सगळी धाकधूक त्या इन्व्हर्टरपाशीच होती. दुकानदाराने दोन दाखवले होते. "दवाखान्याच्या मशीनला हा महागातला घ्या, बाई. याची वीज गुळगुळीत असते. त्या स्वस्तातल्याची खडबडीत." तिने दोन्हींकडे बघितलं होतं, पिशवीत हात घातला होता आणि खडबडीत उचलला होता.

"चालतो हो," वायरमन बोल्ट घेऊन परत येत म्हणाला. "मशीन जरा गुरगुरेल, एवढंच. तुमचे सासरे नाही का गुरगुरत?"

उन्हाळाभर रोज अकरा ते दोन वीज जात असे. आतापर्यंत त्या तीन तासांसाठी सिलिंडर मागवावा लागे. गेल्या महिन्यात तो दोनदा वेळेवर आला नाही. दुसऱ्या वेळी सासऱ्यांचे ओठ निळे पडले आणि ती रस्त्यावर उभी राहून येईल त्या टेम्पोला हात करत होती. त्या दिवसानंतर तिने हे सौरऊर्जेचं मनावर घेतलं. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, तो फोनवर म्हणाला, "तुला झेपेल ना?" तिने झेपेल म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार?

संध्याकाळपर्यंत सगळं जोडून झालं. बॅटरी आणि इन्व्हर्टर पॅसेजमध्ये, तिच्या शिलाई मशीनच्या शेजारी. भिंतीवरच्या डबीत बॅटरीचा आकडा दिसायचा. वायरमनने तिला तो शाळेतल्या मास्तरांसारखा समजावून सांगितला.

"बारा पूर्णांक आठ म्हणजे बॅटरी भरलेली. बाराच्या खाली गेली की सावध. आकडा साडेअकरावर आला की इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद. कळलं? ऑक्सिजनचं मशीन एकटं तीन तास खेचेल. पण तुमच्या शिलाई मशीनची मोटर सोबत लावलीत, तर अर्ध्या वाटेत बसेल. दोन्ही एकदम नाही म्हणजे नाही."

"शिवण मी नंतर करीन."

"जून जवळ आलाय, वहिनी. गणवेशांची ऑर्डर घेतलीय ना तुम्ही?"

"घेतलीय. बघू."

आत पलंगावर सासरे डोळे मिटून पडले होते. ते झोपलेत असं दोघांनीही गृहीत धरलं होतं.

पहिल्या दिवशी ती अकरा वाजल्यापासून त्या डबीसमोर स्टूल टाकून बसली. वीज गेली, इन्व्हर्टरने ठक्क केलं आणि आतल्या मशीनने श्वास न मोडता पुढचा घेतला. तिने मात्र स्वतःचा रोखून धरला होता. दर अर्ध्या तासाने ती वहीत आकडा टिपत होती. साडेबारा वाजता बारा पूर्णांक तीन. दीड वाजता बारा पूर्णांक एक. दोनला वीज आली तेव्हा बारा होते, बरोब्बर. सासऱ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर त्र्याण्णव. तिला नाचावंसं वाटलं. तिने कपभर चहा केला आणि तो उभ्यानेच प्यायली.

चौथ्या दिवशी शाळेचा फोन आला. गणवेश आठ दिवस आधी हवे होते.

वीज असायची तेवढ्या वेळात ते होणं शक्य नव्हतं. पाचव्या दिवशी अकरानंतर तिने देवाचं नाव न घेता मोटरची पिन इन्व्हर्टरला लावली. एक डोळा शिवणीवर, एक डबीवर. एक बाही झाली, आकडा हलला नाही. दुसरी झाली. एक अख्खा सदरा झाला आणि बॅटरी होती तिथेच होती. दोन वाजता बारा पूर्णांक पाच! वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, "ऊन कडक आहे. आणि बॅटरी जुनी असली तरी खानदानी दिसतेय."

पण त्याच दिवशी सासऱ्यांचा आकडा सत्त्याऐंशी आला.

"बोटं गार पडलीत माझी," ते म्हणाले. "चोळ जरा."

तिने बोटं चोळली. थोड्या वेळाने ब्याण्णव झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा शहाऐंशी, मग हळूहळू वर. डॉक्टर फोनवर म्हणाले, मशीन बरोबर चालतंय का बघा. मशीन तर चालू होतं. नळीत पाण्याचे बुडबुडे येत होते, हिरवा दिवा लागलेला होता.

मग तिची नजर इन्व्हर्टरवर गेली. खडबडीत वीज! दुकानदार सांगत होता. मशीन नुसतं दिसायला चालत असणार. आत हवा पातळ होत असणार, आणि ती बाहेर बसून आनंदाने बाह्या जोडत होती. चार पैसे वाचवायला तिने माणसाचा श्वास स्वस्तातला आणला होता. हे ती कुणालाच बोलली नाही. नवऱ्याला फोनवर "मस्त चाललंय" म्हणाली. रोज सकाळी ठरवायची, आज दुकानात जाऊन इन्व्हर्टर बदलून आणायचा. पण दुकानदार वापरलेला परत घेईना, आणि महागातला आणायचा तर आधी गणवेश पोचायला हवे होते. म्हणून ती आणखी जोरात शिवायची. दर सदऱ्यानंतर थांबायची, आत डोकावायची, बुडबुडे बघायची आणि परत येऊन बसायची. सासरे प्रत्येक वेळी हात उंचावून ठीक आहे अशी खूण करत.

नवव्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. उन्हाचा पत्ता नव्हता. अकराला वीज गेली. आज शिवायला नको, असं तिने स्वतःला दोनदा बजावलं आणि मग पाच मिनिटं शिवून बघू म्हणून बसली. साडेबारा झाले. डबीत बारा पूर्णांक पाच. एक वाजला. बारा पूर्णांक पाच.

पॅनेलं जवळजवळ काहीच देत नव्हती. दोन दोन मशीनं चालू. बॅटरी तीन वर्षं वापरलेली. आणि आकडा हलत नाही? तिला आनंद झाला नाही. ती घाबरली. तिने वायरमनला फोन लावला आणि असाल तसे लगेच या म्हणून सांगितलं.

तो आला तेव्हा ती शिवतच होती. त्याने पिशवीतून चिमट्यासारखं मीटर काढलं, बॅटरीच्या जाड वायरीभोवती अडकवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आठ."

"म्हणजे?"

"म्हणजे नुसती तुमची मोटर. दोन्ही चालू असती तर पस्तीसच्या आसपास दाखवायला हवं. ऑक्सिजनवाल्याचा लोडच नाही यात."

तिचा पाय मोटरच्या बटणावरून उचलला गेला. मीटर शून्यावर आलं. दोघं त्या शून्याकडे बघत राहिले. आणि तेवढ्यात, कुणीही काही न करता, आकडा चढला. सत्तावीस.

"आता हे कुठून आलं?" वायरमन म्हणाला.

तिला ते त्याच्या आधी कळलं. ती उठली आणि तिने स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा इथं. यावर पाय दाबून धरा."

"मला शिवता येत नाही, वहिनी."

"कापड नाही लावलेलं. नुसतं चालवा. मी सांगेपर्यंत थांबू नका."

मशीनचा खडखडाट सुरू झाला. ती अनवाणी पॅसेजच्या टोकापर्यंत गेली आणि दाराच्या फटीतून बघू लागली.

सासरे पाठीला उशी लावून बसले होते. त्यांनी कान देऊन क्षणभर आवाज ऐकला. मग उजवा हात सावकाश पुढे नेला, ऑक्सिजनच्या मशीनचं बटण दोन बोटांनी दाबलं आणि हात परत मांडीवर ठेवला. हिरवा दिवा गेला. बुडबुडे थांबले, शिलाई मशीनच्या आवाजात ते थांबलेले कुणाला ऐकू जाणार? नळी त्यांनी नाकातच राहू दिली होती. मग ते समोरच्या भिंतीकडे बघत बसले, तोंड किंचित उघडं ठेवून, खांदे वर उचलून एकेक श्वास ओढत. ओठ हलत होते. ते मोजत होते.

ती आत गेली आणि तिने बटण दाबलं. सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. फळीला चुकीच्या जागी भोक पडलं की ते असेच खाली बघत.

"कधीपासून?"

"ऑर्डर लवकर मागितली ना त्यांनी. तेव्हापासून."

"बाबा!"

"दोन्हीला पुरणार नाही, असं वायरमनच म्हणाला होता. ऐकलं होतं मी." ते थांबले, पुरेसा श्वास जमवून पुन्हा बोलले. "मी बघून करतो. अंगावर येऊ देत नाही. तू सदरा संपवून थांबतेस, तेव्हा लावतो की मी. तेवढं जमतं."

"आणि मी?" तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं मी स्वस्तातलं आणलं म्हणून तुम्ही... रोज मी मरत होते बाहेर बसून! एक शब्द बोलला नाहीत!"

"बोललो असतो तर शिवलं असतंस का?"

बाहेर वायरमन इमानेइतबारे मशीन चालवतच होता.

"वहिनी," त्याने हाक मारली, "थांबू का आता?"

तो गेल्यावर ती पॅसेजमध्ये आली. टोपलीत घडी केलेले सदरे होते, गेल्या पाच दुपारींचे, बावीस. इतकी सरळ शिवण तिला बऱ्याच दिवसांत जमली नव्हती. तिने वरचा एक उचलला, बाहीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि तो परत ठेवून टोपलीवर फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी वीज गेली तेव्हा तिने मोटरचा पट्टा काढला, चाकाचा जुना चामडी पट्टा चढवला आणि पायाने मशीन सुरू केलं. पाय सवय विसरले होते. चाक उलटं फिरून दोनदा दोरा तुटला. वीतभर शिवण झाली आणि ती थांबली. कान दिला. आतून बुडबुड ऐकू येत होती. तिने पुन्हा पाय हलवले, पुन्हा थांबली.

"चालू आहे गं," आतून सासरे म्हणाले.

ती तरी उठून बघून आली. चालू होतं.

पुढच्या वीतभरानंतर पाय थांबायच्या आतच आतून आवाज आला, "चालू आहे. शीव तू."

ती पुन्हा उठली.

"असं केलंस तर जून संपेल," सासरे म्हणाले. "बटणाला हातसुद्धा लावत नाही. शब्द देतो."

"तुमच्या शब्दाचं काय ते कळलंय मला."

ते हसले, मग खोकले. ती पॅसेजमध्ये गेली आणि शिलाई मशीन दोन्ही हातांनी धरून ओढायला लागली. बिडाचे पाय फरशीवर किंचाळत आले. सासऱ्यांच्या खोलीच्या उंबऱ्यात ते अडलं. तिने एक पाय उचलला, मग दुसरा, आणि पलंगापासून चार हातांवर ते टेकवलं. सासरे सवयीने म्हणाले, "खिडकीकडे तोंड कर. उजेड सुईवर पडायला हवा."

खरं होतं ते. आयुष्यभर ती तशीच बसत आली होती. तिने मशीन उलटं फिरवलं आणि खिडकीला पाठ करून बसली. सुईच्या नेढ्यावर तिचीच सावली पडली. दोरा ओवायला चार प्रयत्न लागले. प्रत्येक वेळी दोरा ओठात ओला करताना ती मान वर करून त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती.