डेकमधली थोरली जाऊ

रागिणीच्या डेकमधल्या, म्हणजे खेळायच्या जुडीतल्या, एका पत्त्याला तिच्या आजीनं, वच्छलाबाईंनी 'थोरली जाऊ' असं नाव ठेवलं होतं. पत्त्यावर खरं तर दगडी सिंहासनावर बसलेली कुणी राणी होती आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत तिचे गुण लिहिलेले होते. रागिणीनं ते वाचून सांगितले तेव्हा वच्छलाबाई म्हणाल्या, ही कसली राणी, ही तर आमच्या हिवरखेडच्या घरातली थोरली जाऊ. स्वतः जागची हलत नाही, आणि ती बसलेली असेपर्यंत दुसऱ्या कुणाला धड काही करू देत नाही. नाव चिकटलं. मग शेवटी येऊन एका झटक्यात डाव संपवणारा सोनेरी राक्षस 'जावई' झाला, कारण तो उशिरा येतो आणि आला की बाकीच्यांना उभं राहावं लागतं. वर्षभरात त्या दोघींची अशी एक भाषाच तयार झाली. अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या घरात ती तिसऱ्या कुणाला कळत नसे. रागिणीचे बाबा, शेखर, जेवताना हसून म्हणत की आमच्या घरात पत्त्यांचे नातेवाईक जास्त झाले.

खेळ वच्छलाबाईंच्या हाती लागला तो गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. पलंगावर पडून राहायचं, खाली रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकायचे आणि शिकवणीला जाणाऱ्या पोरांचा कलकलाट. नात एम. एस्सी. करत होती आणि उरलेला सगळा जीव त्या रंगीत पत्त्यांत. या खेळात प्रत्येकानं आपला चाळीस पत्त्यांचा डेक शेकडो पत्त्यांतून निवडून स्वतः बांधायचा असतो. वच्छलाबाईंना याचं फार नवल वाटलं. हिवरखेडला दुपारी कामं आटोपली की सगळ्या जावा रमी मांडून बसत, पण तिथं वाट्याला येईल ते पान घ्यावं लागे. इथं आपलं नशीब आपणच घरून निवडून न्यायचं.

रागिणीला सरावासाठी समोर कुणीतरी हवं होतं. दुसरे लोक खेळतात तसे डेक तिनं साध्या कागदावर छापून कापले, प्लास्टिकच्या पाकिटांत सरकवले आणि आजीच्या हातात दिले. आजी शत्रू झाली. एक पत्ता काढायचा, दुसरा घालायचा, पुन्हा खेळून पाहायचं, असं त्यांचं रोज चाले. थोरली जाऊ डेकमध्ये आली ती वच्छलाबाईंच्याच सांगण्यावरून, आणि तिच्या जोरावर रागिणी अमरावतीच्या दोन स्पर्धा जिंकली. बक्षीस घेऊन आली की ती आधी आजीच्या खोलीत शिरे.

मग गीतांजली आली. म्हणजे प्रत्यक्ष नाही, आधी फोनमधून आली. अकोल्याला जठारपेठेत तिचं स्टेशनरीचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत रविवारी हा खेळ खेळणारे जमत. एका स्पर्धेत रागिणीची तिच्याशी ओळख झाली आणि त्या दिवसापासून घरात 'गीताताई म्हणते' सुरू झालं. गीताताई म्हणते डेक जड झाला. गीताताई म्हणते सुरुवात हलकी पाहिजे. संध्याकाळी आतल्या खोलीतून फोनवरचं हसणं ऐकू येई आणि वच्छलाबाई वाटाणे सोलता सोलता थांबत. आपल्याशी खेळताना पोरगी इतकी हसते का, हे त्या आठवून पाहत.

एक दिवस रागिणी डेक घेऊन समोर बसली आणि बोलता बोलता सांगून गेली की थोरली जाऊ काढली.

"काऊन?"

"बसून राहते ना ते. आता सगळेच फास्ट खेळून राहिले. गीताताईनं एक हलका पत्ता सांगतला तिच्या जागी."

त्या दिवशी वच्छलाबाई जीव खाऊन खेळल्या. गीतांजलीचा पत्ता फसला पाहिजे एवढंच मनात होतं. तो फसला नाही. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत तो पुन्हा पुन्हा जिंकला, आणि प्रत्येक वेळी त्यांना असं वाटलं की आपल्या स्वयंपाकघरात दुसऱ्याच बाईनं डबे हलवून ठेवलेत आणि आता हात घातला की पटकन सगळं सापडतंय.

तरी मधूनमधून त्या जिंकत, आणि त्याचं कारण त्यांना एकट्यांना माहीत होतं. रागिणीला पत्ते हातात धरायला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. रमीत जमलेली पानं डावीकडे आणि बिनकामाची उजवीकडे लावतात, तशी. तीच सवय पोरीच्या हातात राहिली. हातात जावई आला की ती तो सगळ्यांत डावीकडे नेऊन ठेवी. इकडे वच्छलाबाई लगेच बचावाचा पत्ता राखून ठेवत आणि जावई आला तसा परत जाई. रागिणी चकित होऊन म्हणे, आजीले कसं समजते कोन जाणे. आधी गंमत म्हणून त्यांनी हे सांगितलं नाही. गीतांजली आल्यावर मात्र मुद्दाम सांगितलं नाही. रागिणीचं म्हणावं असं तेवढंच एक आता त्यांच्या एकटीजवळ उरलं होतं.

अकोल्याची स्पर्धा मोठी होती. जिंकणाऱ्याला पुण्याच्या अंतिम फेरीत जागा मिळणार होती आणि रागिणीनं वर्षभर त्याच जागेचा ध्यास घेतला होता. वच्छलाबाई हट्टानं सोबत निघाल्या. शेखरनं गुडघ्याची आठवण करून दिली, तर त्या म्हणाल्या की गुडघा माझा आहे, तो येतो म्हणतो.

सकाळी आधी गीतांजलीकडे उतरल्या. तीस-बत्तिशीची, सावळी, चटपटीत बाई. ती वाकून पाया पडली, पाठीला तक्क्या दिला आणि गरम, कोथिंबीर भरलेली सांभारवडी पुढे केली. वडीत काहीतरी चुकलेलं असेल म्हणून वच्छलाबाईंनी दोन खाल्ल्या. मीठसुद्धा बरोबर होतं. तिकडे त्या दोघी जमिनीवर पत्ते पसरून बसल्या होत्या. गीतांजलीनं डेक एकदा नजरेखालून घातला आणि सहज म्हणाली, "जाऊबाई आज घरीच राहिल्या ते बरं झालं. अन् जावयाची घाई करू नको."

वच्छलाबाईंच्या हातातली वडी तशीच राहिली. ही नावं तिला दिली होती तर. डेक दिला, वेळ दिला, ते एक वेळ समजून घेता आलं असतं. गीतांजली त्यांच्याकडे वळून कौतुकानं म्हणाली की आजी, तुम्ही ठेवलेली नावं आमच्या इथं सगळेच घेतात. सगळेच, हा शब्द त्यांना दिवसभर टोचत राहिला.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. लग्नाच्या खुर्च्या, टेबलांवर हिरवं कापड, आणि पंख्याच्या वाऱ्यानं पत्ते उडू नयेत म्हणून सगळे हात आडवे धरून बसलेले. रागिणी एकेक फेरी जिंकत गेली. हलके पत्ते पटापट पडत होते आणि समोरच्यांना सावरायला वेळ मिळत नव्हता. गीतांजली प्रत्येक फेरीनंतर डोळ्यांनीच तिला शाबासकी देत होती. वच्छलाबाईंना आनंद होत होता, नाही असं नाही, पण प्रत्येक विजयाबरोबर कुणीतरी त्यांची खुर्ची थोडी थोडी मागे सरकवतंय असंही वाटत होतं.

शेवटच्या फेरीत समोर धर्मपाल नावाचा अकोल्याचाच खेळाडू होता. शांत माणूस, मान खाली घालून खेळणारा. तीनपैकी दोन डाव जिंकणाऱ्याची पुण्याची जागा. पहिला डाव रागिणीनं घेतला. दुसऱ्यात तिनं एक पत्ता उचलला आणि नेहमीसारखा डावीकडे नेऊन ठेवला. धर्मपालची मान क्षणभर वर झाली. त्यानं टाकायला काढलेला पत्ता परत हातात घेतला. पुढे जावई उतरला आणि धर्मपालनं त्याच पत्त्यानं तो परतवला. मागे बसलेल्या वच्छलाबाईंना कळलं, यानं पाहिलं.

दुसरा डाव गेला. पाच मिनिटांची सुट्टी मिळाली. रागिणी पाणी प्यायला आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिनं आजीकडे पाहिलं.

"आजी, तू मांगून पाहून राहिली होती. काही दिसलं का वं तुले?"

शब्द ओठांवर होता. तेवढ्यात गीतांजली आली, रागिणीच्या खांद्यावर हात टाकला आणि ओढणीनं तिच्या कपाळावरचा घाम टिपला. रागिणीनं मान तिच्या हातावर कलती केली, लहान असताना आजीच्या मांडीवर करायची तशी.

"काही नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "खेळ तू."

तिसरा डाव फार चालला नाही. धर्मपालनं उभं राहून रागिणीशी हात मिळवला आणि छान खेळलात म्हणाला. ते खरंही होतं.

बस सुटायला अजून अवकाश होता, म्हणून तिघी पुन्हा जठारपेठेत आल्या. रागिणी रडली नाही. ती सरळ जमिनीवर बसली आणि डेक पसरून चूक शोधू लागली. गीतांजली बराच वेळ पत्ते पाहत राहिली, मग म्हणाली, "माह्यंच चुकलं. जाऊबाईले काढायला नाई पाहिजे होतं. ती असती तर शेवटी बचाव झाला असता. आजी बरोबर होत्या."

तिनं उठून आपल्या डबीतून तसाच पत्ता काढला आणि दोन्ही हातांनी वच्छलाबाईंपुढे धरला. रागिणीनं तो हलका पत्ता बाजूला केला आणि जागा मोकळी केली.

इतके दिवस वच्छलाबाईंना हेच हवं होतं. हेच, याच शब्दांत, रागिणीच्या देखत. त्यांनी पत्ता घेतला. सिंहासनावरची ती बाई त्यांच्याकडे बघत होती. तो पत्ता आता खरंच जड होता. वर्षभर शत्रू होऊन खेळलेल्या बाईला एवढं कळत होतं. तो परत घातला की पोरगी पुढची स्पर्धाही हरणार, आणि मग या दोघी पुन्हा डोकं लावून चूक शोधत बसणार, जिथं चूक नाही तिथं.

"ठेव ते तिकडं," त्या म्हणाल्या. "इनं काढला तेच बरोबर हाय. डेकात काही खोट नाई."

"मंग हारली कशी मी?"

"तुहा हात बोलते. जावई आला का तू त्याले डाव्या अंगाले ठेवतं. त्या पोट्ट्यानं पाह्यलं."

रागिणीनं स्वतःच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. गीतांजली पापणी न हलवता वच्छलाबाईंकडे बघत होती. ती हुशार होती, तिथंच सगळा घोळ होता.

"आजी," ती हळूच म्हणाली, "हे तुम्हाले आज दिसलं?"

आजच, असं म्हणता आलं असतं. पण रागिणीनं मान वर केली होती, आणि आजीला नेहमी कसं समजतं हे कोडं तिच्या चेहऱ्यावर एकेक करून सुटत चाललेलं दिसत होतं.

"मी तुले सुट्टीत इचारलं होतं," रागिणी म्हणाली.

"हो. इचारलं होतं."

"अन् तू म्हणे काही नाई."

वच्छलाबाईंची नजर एकदा गीतांजलीकडे गेली, तेवढंच. रागिणीनं ती नजर पाहिली आणि ती काय समजायचं ते समजली. बराच वेळ ती पत्ते गोळा करत राहिली. मग सरावाच्या छापील डेकांपैकी धर्मपालच्या डेकशी मिळता एक पिशवीतून काढून तिनं तो आजीपुढे आपटल्यासारखा ठेवला.

"बस समोर."

वच्छलाबाई गुडघा सांभाळत खाली बसल्या. रागिणीनं हातातले पत्ते लावले नाहीत. जसे आले तसे धरले, मधेच उलटसुलट केले, आणि चेहरा दगडासारखा ठेवला. वच्छलाबाईंनी तिचा हात पाहिला, डोळे पाहिले, ओठ पाहिले. काही म्हणजे काही कळलं नाही. जावई कुठून आला तेही समजलं नाही आणि डाव संपला.

"आणखी एक," रागिणी म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता.

गीतांजलीनं दोघींकडे पाहिलं आणि चहा टाकते म्हणून ती आत गेली. ती गेली याचं वच्छलाबाईंना बरं वाटलं. चहाला तिनं वेळ लावावा असंही वाटलं. त्यांनी पत्ते पिसून रागिणीपुढे धरले.