नऊ चिठ्ठ्या कापलेली कात्री

मी कात्री बोलतेय. कापडाची नव्हे, कागदाची. शिवणकाम करणाऱ्या बाईला हा फरक सांगावा लागत नाही. कापडाच्या कात्रीने कागद कापला की तिची धार मेलीच. म्हणून कारखान्यात एक कात्री वेगळी ठेवतात, कागदी नमुने कापायला. ती मी.

पेर्गामिनो नावाच्या गावातल्या एका शेडमध्ये, इस्त्रीच्या कोपऱ्यातल्या पडद्यामागे, मी अकरा वर्षं खिळ्याला लटकले. नऊ बाया तिथे शाळेचे पांढरे डगले शिवायच्या. आमच्याकडे सरकारी शाळेतलं प्रत्येक पोर तो डगला घालतं. मला विकत आणलं नेलिदाने. नमुने तीच कापायची. हात जड, जीभ त्याहून जड. बाही, गळा, खिसा. बाही, गळा, खिसा. एवढंच माझं आयुष्य. तक्रार नव्हती.

मग निवडणूक आली.

आमच्याकडे तेव्हा मतदानाची तऱ्हा अशी होती. प्रत्येक पक्ष आपली लांबलचक चिठ्ठी छापायचा आणि घरोघर वाटायचा. एका टोकाला राष्ट्राध्यक्ष, दुसऱ्या टोकाला महापौर, मधे तुटक रेघा. अख्खी चिठ्ठी पाकिटात घालून पेटीत टाकली की झालं. पण एकाचा अध्यक्ष आणि दुसऱ्याचा महापौर हवा असेल तर आधीच कात्री लावायची, दोन तुकडे पाकिटात घालायचे. कायद्याला चालायचं.

हिरव्या पक्षाने परदेशी कपडा बंदरावर अडवून धरला होता, म्हणून शेड चालू होती. कुठल्याच नोकरीच्या कागदावर नाव न लागलेल्या म्हाताऱ्यांना त्यांनी पेन्शन दिलं, वीज स्वस्त ठेवली. पण भाव रोज पळत होते. सोमवारी पाहिलेलं तेल शुक्रवारी परवडायचं नाही. नारिंगी पक्ष म्हणायचा, भाव थांबवू, चोऱ्या थांबवू, बंदर उघडू, फुकट वाटणं बंद करू. खोटं कुणीच बोलत नव्हतं. दोघंही अर्धंच बोलत होते.

शेडमध्ये मात्र एकच सूर. रामोना, सगळ्यांत जुनी शिलाईवाली, मशीन थांबवून ओरडायची, "वरपासून खालपर्यंत हिरवं! नाहीतर दाराला कुलूप, कळलं का गं?"

"मला काय सांगता, दोन्या रामोना," झुल्मा म्हणायची. ती सगळ्यांत तरणी; थोरल्या बाईला आमच्याकडे मानाने 'दोन्या' म्हणतात. "माझ्या आईचं पेन्शन त्यांनीच दिलंय."

"आणि तुझ्या नवऱ्याची टॅक्सी नारिंगी पत्रक चिकटवून फिरते ती?"

"नवऱ्याला विचारून मी रश्श्यात मीठसुद्धा घालत नाही!"

सगळ्या हसल्या. 'माते' नावाच्या पाल्याचा कडू काढा एकाच भांड्यातून, एकाच नळीने, नऊ तोंडांत फिरला.

मतदान रविवारी होतं. शनिवारी अर्धा दिवस काम. त्या सकाळी नेलिदा पडद्यामागे आली आणि झग्याच्या गळ्यातून दोन चिठ्ठ्या काढल्या. एक हिरवी, एक नारिंगी.

"महापौर हिरवाच," ती पुटपुटली. "डगल्यांचं काम तोच देतो. पण वर नारिंगी. एकदा भाव तरी थांबू दे. बाकी आठ जणी आहेतच की हिरव्या. माझ्या एकीने काय होतंय?"

कापलं मी.

थोड्या वेळाने पडदा हलला. झुल्मा. तिच्या नवऱ्याला त्या वर्षात दोनदा लुटलं होतं, एकदा डोक्याला पिस्तूल लावून. तिनेही तसंच कापलं, खाली हिरवा, वर नारिंगी. मग तिसरी आली, चौथी आली. प्रत्येक बाई आधी बाहेर डोकावून बघायची, मग मला उचलायची. सगळ्यांच्या शेवटी रामोना. तिने चष्मा लावला, रेघ नीट धरली. "एवढ्या वेळेपुरतंच," म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

नऊच्या नऊ. मला काही वाटलं नाही. नंतरही वाटलं नाही.

अध्यक्ष नारिंगी आला, महापौर हिरवा. नऊ मतांनी देश हलत नाही, एवढं मलाही कळतं. पण असे पडदे गावोगाव असतात.

"कोणत्या गाढवांनी बसवलं याला?" सोमवारी रामोनाने विचारलं.

"बंगलेवाल्यांनी," झुल्मा म्हणाली.

"आणि राजधानीतल्या शिष्टांनी," नेलिदा म्हणाली आणि बाही कापायला लागली.

पुढच्या वर्षी परदेशी डगले आले. आमच्या नुसत्या कापडाच्या दरात अख्खा डगला, वर बटणंसुद्धा. विजेचं बिल असं आलं की रामोनाने ते दोनदा वाचलं आणि पालथं ठेवलं. हिरवा महापौर स्वतः आला. "बायांनो, राजधानीतून पैसा येत नाही. मी तरी महागाचं कसं घेऊ?" तो हिरवा होता, पण त्याची तिजोरी नारिंगीच्या हातात. चिठ्ठी रेघेवर कापता येते. तिच्यामागचं काही कापता येत नाही. भाव थांबले का? नाही थांबले.

शेडला कुलूप लागलं. मशीन ट्रकमध्ये चढवताना झुल्मा म्हणाली, "आपण तरी आपलं मत बरोबर दिलं."

"हो बाई," सगळ्या म्हणाल्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

आता मी नेलिदाच्या स्वयंपाकघरात आहे. दुधाच्या पिशव्या कापते, कोंबडी कापते. ती दुसऱ्यांची घरं पुसते. मतदानाची तऱ्हाही बदलली. देशाच्या निवडणुकीत आता सगळ्या पक्षांचा एकच मोठा कागद असतो, पेनाने खूण करायची. मला कुणी बोलवत नाही.

परवा रामोना आली होती. नेलिदाने भांड्यात गरम पाणी ओतलं आणि एकदम म्हणाली, "दोन्या रामोना, शेड माझ्यामुळे गेली. मी चिठ्ठी कापली होती. वर नारिंगी घातला होता."

रामोनाने नळी ओठातून काढली नाही. पाणी संपेपर्यंत ओढत राहिली. मग म्हणाली, "मी नाही बाई. मी अख्खी हिरवी टाकली."

"माहितेय," नेलिदा म्हणाली. "तुम्ही आठ जणी सरळ राहिलात."

रामोना उठून गेली. नेलिदाने मला धुतलं, पुसलं, खणात टाकलं.

कुणाला मत द्या हे मी सांगत नाही. मला अध्यक्ष कळत नाहीत, कागद कळतो. तुम्ही कधी पेर्गामिनोला गेलात, तर नेलिदाचं घर शोधा. तिला एवढंच सांगा, बाई, तू एकटी नव्हतीस.