वाळवंटातून येणारी पत्रं

मी इंग्लंडातल्या वॉटफर्डमधल्या एका हिरव्या दाराची पत्रपेटी बोलतेय. पेटी आपली म्हणायची. खरं तर दारातली एक फट आणि तिच्यावर पितळेची झडप. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात घडले आणि चेऊलकरांच्या घरी आले.

सॅमसन चेऊलकर मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. इथे पाणीपुरवठ्याच्या पंपांवर कामाला होते. त्यांची मुलगी सिपोरा १९८३ साली सहा महिन्यांसाठी म्हणून इस्रायलला गेली आणि तिथेच राहिली. नेगेवच्या वाळवंटात एकोणीस जण मिळून नवा किबुत्झ वसवत होते. जमीन, कमाई, स्वयंपाकघर, सगळं सामाईक.

"तिथंच जायचं असतं, तर मी इथे कशाला आलो असतो?" एवढं म्हणून सॅमसननी तिच्याशी बोलणं टाकलं.

तिची पत्रं माझ्यातूनच आत पडायची. हॅनाबाई जिन्याच्या पायरीवर बसून ती मोठ्याने वाचायच्या, पेपर धरून बसलेल्या नवऱ्याला ऐकू जावीत म्हणून. तंबू गेले, पत्र्याच्या खोल्या आल्या. टोमॅटो लागले. वस्तीतलं पहिलं बाळ जन्मलं, तेव्हा त्याचे लंगोट सगळ्यांनी पाळीपाळीने धुतले. पत्र संपेपर्यंत सॅमसन पेपरचं पान उलटत नसत.

शहाऐंशीचं एक पत्र मात्र छोटंसं होतं. पाणी खारं, ठिबकच्या नळ्या तुंबतात, खजुराची रोपं जळायला लागलीत, निम्मे लोक निघायचं म्हणतायत. हॅनाबाईंना ते मोठ्याने वाचवेना. पायरीवर ठेवून त्या आत गेल्या.

सॅमसन उठून आले. दोनदा वाचलं. मग आठवडाभर गाळण्यांची चित्रं काढली, नळ्या कशा धुवायच्या ते मराठीत सविस्तर लिहिलं आणि कोट चढवून स्वतः पोस्टात गेले.

महिन्याने उत्तर आलं. पहिल्यांदाच त्यांच्या नावावर. "पप्पा, नळ्या वाहतायत. तुमचं पत्र जेवणघराच्या भिंतीवर लावलंय. कुणाला वाचता येत नाही, मी वाचून दाखवते."

नंतरच्या दहा वर्षांत तिथे शाळा झाली, वस्ती दोनशेवर गेली. तिथून येणारं खजुराचं खोकं माझ्यात मावायचं नाही. पोस्टमन बेल वाजवायचा.

गेल्या वर्षी, सत्त्याण्णवमध्ये, घर विकून दोघं गेली. नवी मालकीण रेखा नर्स आहे. पुढच्या आठवड्यात इथे पांढरं प्लॅस्टिकचं दार बसेल.

काल एक कार्ड आलं. आमच्या नावाचं काही आलं तर पुढे पाठवाल का, असं लिहून खाली सॅमसननी आपल्या हाताने नवा पत्ता घातलाय. किबुत्झचं नाव, आणि त्याच्या आधी ठळक अक्षरांत: पंपघर.

रेखाताई, मला खुशाल भंगारात घाला. ते कार्ड तेवढं टाकू नका.