मोठ्या बाईंचं पित्त

एका मजुराच्या कपाळावर कापसाचा बोळा दाबून धरत सिस्टरने मान न वळवताच पुढच्याला विचारलं, "काय होतंय?"

"पित्त," मागून ओळखीचा आवाज आला.

बाकावर मोठ्या बाई बसल्या होत्या. राखाडी स्वेटर, मांडीवर पर्स, पाठ ताठ. निवृत्त होईपर्यंत हा तातडीचा विभाग त्यांनीच चालवला होता. कोणाला लगेच आत घ्यायचं आणि कोणाला थांबवायचं हे सिस्टरला त्यांनीच शिकवलं, तेही उठता-बसता बोलणी ऐकवून. त्यांचा धाक एवढा, की डॉक्टरसुद्धा त्यांना बघून चहाचा कप लपवायचे.

"घाम कसला आलाय एवढा?"

"चालत आले. वय झालं गं."

"बाईमाणूस पित्त म्हणालं की हृदयाचा झटका समजून आधी ईसीजी काढायचा, असं तुम्हीच सांगायचात."

"सांगायचे खरं. मग काढ की."

पण काढणार कशाने? सकाळीच एका बांधकामाची भिंत कोसळली होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती आणि चालू असलेलं एकुलतं एक मशीन तिथेच अडकलं होतं. तेवढ्यात आतून डॉक्टरांची हाक आली.

"जा," मोठ्या बाई म्हणाल्या. "मशीन मोकळं झालं की घेऊन ये. आणि फेरी चुकवू नकोस."

फेरी म्हणजे बाहेर थांबवलेल्या प्रत्येकाला थोड्या थोड्या वेळाने जवळ जाऊन बघणं, मनगट हातात धरून बघणं. माणूस बसल्या जागी बिघडतो, हे मोठ्या बाईंचं पालुपद होतं.

आत एका मजुराचा श्वास काही केल्या सुरळीत होईना. सिस्टरला घाम पुसायची फुरसत नव्हती. मध्येच ती दारापर्यंत आली आणि तिथूनच तिने बाकाकडे पाहिलं. मोठ्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या. गाल आत गेलेले, चेहरा उतरलेला. डुलकी लागली असेल. स्वेटरची डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली होती. उकडत असेल. दुसरं कोणी असतं तर ती जवळ गेली असती, पण या तर घरच्याच. काही झालं तर हाक मारतील.

मशीन मोकळं झालं तेव्हा दाराशी एका माणसाने छाती धरून आकाशपाताळ एक केलं होतं. ओरडणाऱ्याला ओरडण्याइतका श्वास असतो, आधी गप्प बसलेल्याकडे बघ, हेही मोठ्या बाईंचंच. पण त्याचे भाऊ अंगावर धावून येत होते. बाई समजून घेतील, असं म्हणत तिने मशीन तिकडे वळवलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

मग ती बाकाकडे गेली. "चला बाई, आला तुमचा नंबर," असं हसत म्हणत तिने त्यांचं मनगट धरलं आणि तिचा हात तिथेच थबकला.

डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली. उशीर झाला होता.

"तुला आत त्यांनीच पाठवलं ना?" डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "शेवटपर्यंत दुसऱ्यांचा विचार. स्वतःचा नंबर सोडला. देवमाणूस."

आसपासच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सिस्टरलाही ते ऐकून क्षणभर बरं वाटलं. बरं वाटल्याची तिला लाजही वाटली.

मोठ्या बाईंच्या मुलीच्या हवाली करायला म्हणून तिने त्यांच्या वस्तू गोळा केल्या. पर्सच्या वरच गाठ मारलेला रुमाल होता. तिने गाठ सोडली. आत अंगठी होती, कानातले होते, आणि स्वच्छ पुसलेली कवळी होती. श्वासाची नळी घालायची वेळ आली की सिस्टर लोक हेच आधी काढून घेतात. त्यात वेळ जाऊ नये म्हणून ते आधीच काढून ठेवलेलं.

सिस्टरने पलंगाकडे पाहिलं. सलाइन लावायला सोपं जावं अशी ती बाही अजून नीट दुमडलेली होती.

"नंबर सोडला त्यांनी," डॉक्टर पुन्हा म्हणाले.

"नाही डॉक्टर," रुमाल मुठीत धरून सिस्टर म्हणाली. "त्या तयार होऊन बसल्या होत्या."