पाचवा खांब

चौथा खांब मागे टाकून जेमतेम दहा पावलं झाली आणि पाठीवरचा पंप कोरडा पडला. घड्याळकाका तिथेच थांबले. मागे मातीच्या रस्त्यावर ओला पट्टा होता, पुढे कोरडा रस्ता आणि पाचवा खांब.

फवारणीआधी चार लिटर साधं पाणी घेऊन रस्त्यावरून चालून बघायचं, हा काकांचा तीस वर्षांचा शिरस्ता. पहिल्या विजेच्या खांबापासून निघाले की पाणी बरोब्बर पाचव्याशी संपायचं. पावलं अशी ठरल्या वेगाने पडायची, म्हणून तर लोकांनी हे नाव ठेवलं होतं. घराला आग लागली तरी हा माणूस याच चालीने बाहेर येईल, असं काकू म्हणायच्या.

नोझल झिजलं असणार, असं काकांनी जाहीर केलं. काकूंनी मुकाट्याने मापाचं भांडं नोझलखाली धरलं, मिनिटभर पाणी घेतलं. नेहमीपेक्षा एक थेंब कमी नाही की जास्त नाही. म्हणजे पायच मंदावले होते. वर्षभर गुडघा कुरकुरत होता आणि काका त्याला दाद देत नव्हते.

शेत धाकट्या बहिणीचं. सोयाबीनच्या खालच्या पानांना, पाठच्या बाजूने, तांबेऱ्याचे विटकरी ठिपके आले होते. औषध तिथवर पोचलं नाही तर पानं गळणार आणि शेंगा पोचट राहणार. औषध मिळालं होतं तेही जेमतेम शेतापुरतं. पाय रेंगाळले की ते सुरुवातीलाच जास्त पडतं आणि शेवटच्या ओळी तशाच राहतात. त्यात ऊन चढलं की वारा सुटणार. बहीण बिचारी दादाच्या भरवशावर निर्धास्त होती. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पंप द्या इकडे," काकू म्हणाल्या. इतकी वर्षं त्या पाणी आणून द्यायच्या, औषध कालवायच्या.

"तू पळत सुटशील."

"मग तुम्ही मोजा."

आणि खरंच त्या पळाल्या. पहिल्या खेपेला थेट सहाव्या खांबापाशी. दुसऱ्या खेपेला काका कडेला उभे राहून मोठ्याने मोजू लागले, एक, दोन, एक, दोन. पाणी पाचव्या खांबाशी संपलं. काकांना हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं.

त्यांनी स्वतःच्या हाताने काकूंच्या तोंडावर मास्क बांधला, हातमोजे दिले. औषध तिथवर पोचतं का ते कळावं म्हणून खालच्या पानांना कपड्यांचे चिमटे लावून वर्तमानपत्राचे कपटे अडकवले. नळी झाडांमध्ये खाली घालायची, नोझलचं तोंड वर ठेवायचं, हे चारदा बजावलं. काकूंनी चारही वेळा ऐकून घेतलं.

बहीण बांधावर आली तेव्हा वहिनीच्या पाठीवर पंप बघून गोंधळली. "दादा, तू का नाही फवारत?"

काका म्हणाले, "तिची चाल बरोबर पडते आता."

वारा सुटायच्या आत शेवटची ओळ झाली, तिथेच औषधही संपलं. काकांनी हातमोजे चढवून मधल्या ओळीतला कपटा काढला. दोन्ही बाजूंनी औषधाचे बारीक ठिपके, सगळीकडे सारखे. त्यांनी तो काकूंना दाखवला.

मग पंप धुवायला पाणी आणायचं म्हणून त्यांनी रिकामी बादली उचलली. चालता चालता पंपाचा पट्टा सारखा करायला हात सवयीने खांद्यावर गेला. तिथे नुसता सदरा होता.